ठिणगीपासून मीटरपर्यंत : प्रस्तावना

थंडीच्या दिवसांत नागपूर-अमरावतीकडे, आणि पुण्यातही, रात्री अंगातला स्वेटर काढताना चर्र असा आवाज येतो. खोलीत अंधार असला तर बारीक निळसर ठिणग्याही दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीला हात लावला की बोटाला चिमटा बसतो. त्या क्षणी आपल्या अंगावर पाच-दहा हजार व्होल्ट चढलेले असू शकतात. भिंतीवरच्या बोर्डात मात्र २३०च व्होल्ट असतात, आणि माणसाचा जीव जायला तेवढे पुरतात. दहा हजार व्होल्टने नुसता चिमटा बसावा आणि २३० व्होल्टने माणूस जावा, हे कसे?

घरातल्या विजेचा अभ्यास सुरू करायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येते त्याला प्रभार, व्होल्टेज, करंट, रोध आणि ऊर्जा ही काय प्रकरणे आहेत ते कळले, असे खुशाल धरून चालावे. ज्याला देता येत नाही त्याने पदवी घेतलेली असली तरी घरात तो अंदाजानेच वावरतो. हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती बांधले आहे.

उत्तर आकड्यांत आहे आणि आकडे सोपे आहेत. माणसाच्या शरीराची प्रभार साठवण्याची क्षमता साधारण १०० पिकोफॅरड असते. एवढ्या क्षमतेवर दहा हजार व्होल्ट चढवायला फक्त एक मायक्रोकूलोम प्रभार लागतो, म्हणजे कूलोमचा दहा लाखावा भाग. जुना ६० वॉटचा बल्ब आठवा. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या चार भागांतच तेवढा प्रभार त्या बल्बातून निघून जातो. बोटातून ठिणगी उडाली की अंगावरचा साठा संपला. त्यामागे आणखी काही नाही. बोर्डाच्या मागे मात्र गल्लीतली डीपी आहे, तिच्यामागे उपकेंद्र आणि त्याच्यामागे वीजकेंद्र. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर करंट वाहू शकतो, आणि कोणी सोडवेपर्यंत तो वाहतच राहतो. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. माळ्यावरून पडलेला पाण्याचा एक थेंब आणि धरणाचा उघडलेला दरवाजा यांत जो फरक, तोच इथे आहे: थेंब कितीही उंचावरून पडला तरी अखेर तो थेंबच.

मात्र प्रभार दोन्हीकडे एकच आहे. स्वेटरमधली वीज वेगळी आणि बोर्डातली वेगळी असे काही नसते. हे आज सहज लिहिता येते, पण माणसाला तिथवर पोचायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

अंबर घासल्यावर ते काडीकचरा ओढते ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. पण तिचा पद्धतशीर तपास १६०० साली विल्यम गिल्बर्टच्या ग्रंथापासून सुरू झाला. गिल्बर्टने चुंबकाची ओढ आणि घासलेल्या अंबराची ओढ वेगळी काढली, आणि अंबरासारखे वागणारे पदार्थ पुष्कळ आहेत हे दाखवले. पुढे ऑटो फॉन गेरिकेने गंधकाचा गोळा फिरवून तो हाताने घासला. घर्षणाने वीज निर्माण करण्याच्या यंत्रांची सुरुवात तिथून धरता येते. या सगळ्या मंडळींत मला सर्वांत मोठा वाटतो तो स्टीफन ग्रे, कँटरबरीचा कापड रंगवणारा माणूस. १७२९ मध्ये ग्रे घासलेल्या काचेच्या नळीचा गुण सुतळीवरून लांब न्यायचा प्रयत्न करत होता. सुतळी रेशमी दोऱ्यांनी टांगली तेव्हा गुण शेकडो फूट गेला. रेशीम वजनाने तुटले म्हणून त्याच्या जागी पितळेची बारीक तार लावली, तर गुण पुढे जाईना. तार रेशमाइतकीच बारीक होती, म्हणजे जाडीचा संबंध नव्हता, पदार्थाचा होता. वाहक आणि विसंवाहक हा भेद त्या तुटलेल्या रेशमातून हाती आला. आज आपल्या प्रत्येक वायरीत मध्ये तांबे आणि वरून पीव्हीसी असते, त्याच्या मुळाशी हे निरीक्षण आहे.

नंतरच्या शंभर वर्षांत या क्षेत्रात वाद पुष्कळ झाले, आणि शास्त्र पुढे गेले ते त्या वादांमुळेच. ड्यू फे म्हणाला, वीज दोन प्रकारची: काचेची आणि राळेची. सारखे प्रकार एकमेकांना ढकलतात, वेगळे ओढतात. बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला, प्रकार एकच. कुठे तो जादा असतो, कुठे कमी. अधिक-उणे ही चिन्हे फ्रँकलिनची. कोणते चिन्ह कुठे लावायचे हा त्याने केलेला निव्वळ अंदाज होता. पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि त्याचा प्रभार ऋण निघाला. तेव्हापासून आकृतीतला करंटचा बाण एका दिशेला आणि तारेतल्या इलेक्ट्रॉनांची वाट त्याच्या उलट, हा घोळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. ढगातली वीजही याच जातीची आहे हे १७५२ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या प्रयोगांनी दाखवले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये तशाच प्रयत्नात रिखमन हा शास्त्रज्ञ मरण पावला. कूलोमने १७८५ मध्ये दोन प्रभारांमधले बल मोजले. कॅव्हेंडिशने त्याआधीच बरेच काही मोजून ठेवले होते, तेही स्वतःच्या हाताला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून, पण ते छापले नाही. मॅक्सवेलने ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केले.

मग धातू लागताच आखडणारा बेडकाचा पाय आला. गॅल्व्हानीला त्यात प्राण्याची वीज दिसली. व्होल्टाला दोन वेगळ्या धातूंची. व्होल्टाने आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी १८०० मध्ये धातूंच्या चकत्यांची चळत रचली आणि जगाला पहिल्यांदा न थांबता वाहणारा करंट मिळाला. ओर्स्टेड, अँपिअर, ओहम, फॅरडे ही नावे त्यानंतरच्या तीस-एक वर्षांतली आहेत. ती शाळेच्या पुस्तकांत असतात, म्हणून इथे थांबत नाही.

फॅरडेच्या एका कामापाशी मात्र थांबायलाच हवे, कारण शाळेत ते सहसा सांगत नाहीत. १८३३ पर्यंत जगात निदान पाच प्रकारची वीज मानली जात होती: घर्षणाची, बॅटरीची, चुंबकाने निर्माण होणारी, उष्णतेने निर्माण होणारी आणि विद्युत माशांची. या पाचही एकच आहेत की काय, हा प्रश्न फॅरडेने सरळ प्रयोगाला लावला. सुई हलते का, रसायन फुटते का, ठिणगी पडते का, झटका बसतो का, असे प्रत्येक परिणामाला प्रत्येक वीज लावून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की वीज एकच; फरक आहे तो प्रभार किती आणि ताण किती, एवढाच. घर्षणाच्या विजेत ताण भरपूर आणि प्रभार चिमूटभर; बॅटरीत ताण थोडा आणि प्रभार भरपूर. पाण्याच्या एका थेंबाचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायला सुमारे ५०० कूलोम प्रभार लागतो. आकाशातून जमिनीवर पडणाऱ्या सर्वसाधारण विजेच्या लोळातून येणारा प्रभार याहून पुष्कळ कमी असतो. हे वाचून आश्चर्य वाटत असेल तर ते वाटू द्यावे. ते ओसरेपर्यंत व्होल्ट आणि कूलोम यांतला भेद पक्का झालेला असतो.

विशेष म्हणजे ज्या घर्षणापासून ही कथा सुरू झाली त्याचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. दोन धातू एकमेकांना लागले तर इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातील हे सांगता येते. प्लॅस्टिक, केस, लोकर यांच्याबाबतीत मात्र मतभेद आहेत. कोणी म्हणते इलेक्ट्रॉन जातात, कोणी म्हणते पृष्ठभागावरच्या ओलाव्यातले आयन जातात, कोणी म्हणते पदार्थाचेच सूक्ष्म कण इकडून तिकडे चिकटतात. एकाच प्लॅस्टिकचे दोन तुकडे लावून वेगळे केले तरी ते प्रभारित होतात. ‘सायन्स’ नियतकालिकात २०११ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवले की घासलेल्या पृष्ठभागावर सगळीकडे एकाच जातीचा प्रभार नसतो. धन आणि ऋण असे बारीक ठिपके शेजारी-शेजारी असतात. स्थितिक विजेला ‘संपलेला विषय’ समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. थर्माकोलचा दाणा तळहाताला का चिकटतो या प्रश्नावर आजही प्रयोगशाळांतून काम चालू आहे.

घरात वीज आली ती मात्र घर्षणाच्या वाटेने नव्हे, तर फॅरडेच्या १८३१ च्या प्रवर्तनाच्या शोधातून. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवरून एकदिश वीज पुरवली. ती फार लांब नेता येत नव्हती. ट्रान्सफॉर्मरने ताण वाढवता-उतरवता येतो, म्हणून टेस्ला आणि वेस्टिंगहाउस यांची प्रत्यावर्ती वीज जिंकली. आपल्याकडे दार्जिलिंगला १८९७ मध्ये आणि कोलकात्याला १८९९ मध्ये वीज आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, आणि १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची आगगाडी सुटली. खेड्यांत वीज यायला स्वातंत्र्य उजाडून बरीच वर्षे जावी लागली. त्यामुळे आपल्या समाजात विजेचे ज्ञान दोन वेगळ्या वाटांनी वाढले, आणि त्या वाटा फारशा मिळाल्या नाहीत. एक शाळेची वाट, दुसरी वायरमनची.

शाळेच्या वाटेत कंगवा आणि कागदाचे कपटे एका धड्यात असतात, सेल आणि बल्ब दुसऱ्या धड्यात, आणि घरातला बोर्ड जवळजवळ कुठेच नसतो. शिकवण्याच्या पद्धतींचेही दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते स्थितिक वीज हा जुना पसारा आहे; थेट विद्युतमंडलापासून सुरुवात करावी. दुसऱ्याच्या मते प्रभारापासूनच सुरुवात हवी, नाहीतर करंट म्हणजे नक्की काय वाहते ते मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. करंट म्हणजे सरकता प्रभार, हे ज्याने घासलेल्या फुग्यावर आधी पाहिले त्याला ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही.

आणि तो प्रभार सरकतो किती सावकाश! दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून पाच अँपिअर जात असताना इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला पाव मिलिमीटर असतो. घरातली वीज तर सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, त्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढेच हलतात. वीजकेंद्रातला एकही इलेक्ट्रॉन आपल्या घरापर्यंत येत नाही. वेगाने येते ते विद्युतक्षेत्र. बटण दाबताच दिवा लागतो तो त्यामुळे. बिल भरतो ते इलेक्ट्रॉनांचे नव्हे, ऊर्जेचे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

वायरमनच्या वाटेवरचे ज्ञान वेगळ्या तऱ्हेने पक्के असते. त्याचा टेस्टर घ्या. आत एक निऑनचा दिवा आणि त्याला जोडलेला फार मोठा रोध असतो, दहा लाख ओहमच्या आसपासचा. वरच्या टोपीला बोट लावल्यावर फेजमधून निघालेला करंट दिवा, रोध आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जातो. तो एका मिलिअँपिअरच्या पाव भागाहूनही कमी असल्याने जाणवत नाही, पण निऑन पेटवायला पुरतो. म्हणजे टेस्टर लावताना आपले शरीर त्या मंडलाचा भाग झालेले असते. स्वस्तातल्या टेस्टरमधला रोध खराब निघाला तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

वायरमनला आणखी एक गोष्ट माहीत असते, जी शाळेत कोणी सांगत नाही: न्यूट्रल तुटला की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. नवखा माणूस म्हणतो, दोन फेज आले. खरे कारण असे की घरात कुठेतरी चालू राहिलेल्या पंख्यातून किंवा बल्बातून फेज न्यूट्रलच्या वायरीपर्यंत पोचलेला असतो आणि पुढे जायला वाट नसते. तीन फेजच्या इमारतीत मुख्य न्यूट्रल तुटला तर एखाद्या बिऱ्हाडाला २३० ऐवजी जवळजवळ ४०० व्होल्ट मिळू शकतात आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एका दमात जळतात. हे सगळे ओहमच्या नियमात बसते. ते गणित वायरमनने कधी मांडलेले नसते, आणि ज्याने मांडलेले असते त्याने न्यूट्रल तुटलेला पाहिलेला नसतो. या दोघांना एका टेबलाशी बसवणे हे या पुस्तकाचे खरे काम आहे.

सर्वांत जास्त गैरसमज अर्थिंगबद्दल आहेत. ‘वीज जमिनीत जाते’ असे आपण सगळेच म्हणतो. स्थितिक विजेच्या बाबतीत ते बरोबर आहे. पेट्रोलच्या टँकरमागे लोंबणारी साखळी टँकरवरचा प्रभार जमिनीवर सोडते, आणि पृथ्वी एवढी प्रचंड आहे की तो तिच्या खिजगणतीतही नसतो. बोर्डातल्या विजेचे तसे नाही. ती जमिनीत जिरत नाही, तर जमिनीतून आपल्या ट्रान्सफॉर्मरकडे परत जाते, कारण डीपीचा न्यूट्रल तिथे जमिनीला जोडलेला असतो. जमिनीवर उभे राहून फेजला हात लावणाऱ्याला शॉक बसतो तो ही परतीची वाट तयार असते म्हणून. एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला ती वाट नसते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा का घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी का ओततात, हेही यातून उलगडते: कोरडी माती परतीची वाट अडवते. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते, कारण ती आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. ती पिन मोडून टाकणे, किंवा उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने घट्ट बसवणे, हे मांडवांत, शेतावर आणि घरांतही सर्रास चालते. ते बंद व्हायला हवे, आणि नुसते ‘करू नका’ सांगून ते बंद होत नाही असे माझे मत आहे. कारण कळले तरच हात थांबतो.

चिमटा आणि मुंग्या यांतला फरकही असाच कामाचा. एकदाच टच्‌ झाले आणि पुन्हा हात लावल्यावर काही नाही, तर ती स्थितिक वीज. काळजीचे कारण नाही. हात फिरवताना सतत मुंग्या येत असतील, वॉशिंग मशीनचा पत्रा दर वेळी झिणझिणत असेल, तर तो बोर्डातून गळणारा करंट आहे. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर दोन पिनांच्या चार्जरमुळे अशा हलक्या मुंग्या येतात, त्या चार्जरच्या रचनेतून येतात आणि करंट अगदी थोडा असतो. मात्र गिझर, मशीन किंवा नळाच्या पाण्यात झिणझिण्या जाणवल्या तर मेन स्विच बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

स्थितिक विजेचा घरातला कारभार चिमट्यापुरता नाही. तिचे हवामानाशी घट्ट नाते आहे. दमट हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात कंगव्याचा प्रयोग फसतो आणि शिक्षक खजील होतात. तोच प्रयोग डिसेंबरमध्ये विदर्भात हमखास जमतो. जुन्या काचेच्या टीव्हीच्या पडद्यासमोर हात नेला की हातावरचे केस उभे राहत. नळीतल्या इलेक्ट्रॉनांना ओढायला आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असत, आणि त्याच कारणाने पडद्यावर धूळही बसे. स्वयंपाकघरातला लायटर खटका दाबला की स्फटिकावर दाब येऊन हजारो व्होल्टची ठिणगी पाडतो. स्फटिकाचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला.

पण स्थितिक विजेचा सर्वांत मोठा उपयोग आपल्या प्रत्येक तहसील कचेरीबाहेर उभा आहे: झेरॉक्सचे मशीन. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी सुती रुमालाने घासली. काचेवर तारीख आणि जागेचे नाव लिहून ती काच पट्टीवर ठेवली आणि वरून प्रकाश टाकला. प्रकाश जिथे पडला तिथला प्रभार निघून गेला. अक्षरांखाली तो राहिला. मग बारीक भुकटी शिंपडली, ती अक्षरांच्या जागीच चिकटली. पुढे मेणाच्या कागदावर तो ठसा उतरला. गेरिकेच्या गंधकाच्या गोळ्यापासून हा रुमाल एका सरळ रेषेत आहे. यंत्र बाजारात यायला पुढे दोन दशके लागली. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांतली राखही प्रभार देऊनच पकडतात; ते नसते तर चंद्रपूर-कोराडीकडच्या हवेत आज आहे त्याहून कितीतरी जास्त राख असती.

चिमटा आपल्याला निरुपद्रवी असला तरी सगळ्या ठिकाणी तसा नसतो. दहा हजार व्होल्टच्या त्या ठिणगीत पाच मिलिज्यूल ऊर्जा असते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला स्वयंपाकाचा गॅस पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. गॅसचा वास आला की दिव्याचे बटण चालू तर नाहीच, बंदही करू नये असे सांगतात ते याच कारणाने: खटका उघडतानाही ठिणगी पडते. मोबाइलमधल्या चिपचे तर याहून नाजूक काम आहे. तीन हजार व्होल्टच्या खाली आपल्याला चिमटा जाणवतही नाही, आणि चिपचा काही भाग त्याच्या कितीतरी खाली कायमचा बिघडतो. जाणकार दुरुस्तीवाला मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधून बसतो तो त्यामुळे.

हे सगळे आज समजून घेण्याची निकड मला पूर्वीपेक्षा जास्त वाटते. घरांवरचा भार बदलला आहे. दिवे, पंखे आणि एक फ्रिज एवढ्या हिशेबाने टाकलेल्या जुन्या वायरिंगवर आता एसी, गिझर आणि इंडक्शन शेगडी चालतात. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि सैल जोडापाशी ती एकवटते. घराघरात एकदिश वीज पुन्हा आली आहे: एलईडी, चार्जर, टीव्ही, सगळे आतून एकदिश विजेवरच चालतात. जुना पंखा ७५ वॉट घेई, तिथे बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी छपरांवर सौर पॅनेलचे लक्ष्य ठेवले आहे. सूर्य असेपर्यंत पॅनेलच्या वायरी जिवंतच असतात, कोणते बटण बंद केले आहे याने त्यांना फरक पडत नाही. प्रत्यावर्ती वीज सेकंदातून १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते; एकदिश विजेची ठिणगी शून्यावर येतच नाही, ती धगधगत राहते. म्हणून घरातले साधे बटण पॅनेलच्या वायरीला लावणे धोक्याचे. ही माहिती छपरावर पॅनेल घेणाऱ्या प्रत्येकाला हवी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने आणि दोन हजारांहून अधिक अंगावर वीज पडून दगावल्याची नोंद आहे. पहिल्या आकड्यातले पुष्कळसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात असे मी मानतो. इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी: एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. सोळा अँपिअरची एमसीबी माणसाच्या अंगातून जाणाऱ्या २०० मिलिअँपिअरकडे ढुंकूनही पाहत नाही. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची ती सतत तुलना करते, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणार्धात खटका पाडते. (एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलेल्याला मात्र तीही वाचवू शकत नाही, कारण तिथे तफावतच पडत नाही.) आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस सुरक्षित का, याचे उत्तर फॅरडेने १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्यात बसून दिले आहे.

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी आहे. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करत आली आहे. हे पुस्तक त्याच वाटेवरचे. त्याचा क्रम शास्त्राच्या इतिहासाचा नाही, घराचा आहे: कपाट आणि कपडे, मग स्वयंपाकघर, मग बोर्ड, मीटर आणि शेवटी गच्ची. विभवांतर, रोध, प्रवर्तन हे पाठ्यपुस्तकातले शब्द इथे आहेत आणि फेज, अर्थिंग, डीपी, लोड हेही आहेत. दोन्ही बिनदिक्कत वापरले आहेत. गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. मॅक्सवेलची समीकरणे आणि इलेक्ट्रॉनिक्स मुद्दाम बाहेर ठेवले आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तके हवीत.

प्रयोग पुष्कळ आहेत. ते कंगवा, फुगा, जॅमची बाटली, चॉकलेटची चांदी आणि दीड व्होल्टचे सेल यांवर होतात. बोर्डावर एकही प्रयोग नाही, आणि वाचकाने तो करू नये. बोर्डाकडे पाहायचे, हिशेब करायचा, हात लावायचा नाही. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा मोजणे हा त्यातला माझा आवडता उद्योग. मीटरवर एका युनिटला ३२०० असे छापलेले असेल तर ३२०० उघडझापींचे एक युनिट. सगळी उपकरणे बंद करून एकच चालू ठेवा, मिनिटभर उघडझापी मोजा आणि ते उपकरण किती वॉट घेते ते स्वतः काढा. छापील आकड्याशी ताडून पाहा. मुलांना यातून ऊर्जा म्हणजे काय ते जितके चांगले कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

पुस्तक कुठूनही उघडून वाचले तरी चालेल, पण बोर्डाचे प्रकरण घरातल्या सगळ्यांनी एकत्र वाचावे, स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी आणि शेतात मोटार चालू करणाऱ्यांनी आधी. आणि त्यापूर्वी एक विनंती आहे. आज घरातली आरसीसीबी शोधा. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते, ते दाबा. खटका खाली पडला तर तो वर करा आणि वाचायला बसा. पडला नाही, किंवा घरात आरसीसीबीच नसली, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला फोन करा.